मिस्त्रींचं इटालियन पुस्तक

मला इटालियन येत नाही. तरीसुद्धा पाच वर्षं मी एका माणसाला जेवणाच्या सुट्टीत इटालियन पुस्तक वाचून दाखवत होतो.

बोईसरच्या एमआयडीसीत आमचा कापड रंगवण्याचा आणि धुऊन-वाळवून तयार करण्याचा कारखाना. मी तिथे डिस्पॅचला. कुठले तागे कुठल्या ट्रकमध्ये चढवायचे आणि तो ट्रक कुठल्या गावी पाठवायचा, एवढंच माझं काम, आणि तेही मला धड जमत नसे. इचलकरंजीचा माल मी एकदा भिलवाड्याला पाठवला होता. भिलवाड्याहून फोन आला तेव्हा, तुमचाच असेल, नीट बघा, असं वर त्यांनाच सुनावलं होतं. अशा माणसाला मालकांनी इटलीहून आलेल्या इंजिनिअरच्या दिमतीला दिलं, कारण त्या आठवड्यात दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

नवं स्टेंटर आलं होतं. ओलं कापड दोन्ही काठांनी ताणून धरायचं आणि गरम हवेतून वाळवत पुढे न्यायचं, असं हे लांबलचक यंत्र. ते बसवायला आलेला इंजिनिअर उंच, लालबुंद आणि आमच्या डासांना फारच आवडलेला. त्याला हॉटेलातून आणताना-नेताना मी तीन शब्द शिकलो. बोन्जोर्नो, ग्रात्सिए आणि बास्ता. नमस्कार, आभारी आहे, पुरे. हे तीन शब्द मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या मोठ्या आवाजात वापरले, की आठवड्याभरात सगळ्या कारखान्याची खात्री पटली, याला इटालियन येतं, आणि माझं नाव पंडित पडलं. मी ती खात्री मोडली नाही. माझ्याबद्दल लोकांचं काही बरं मत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

असं मत झालेल्यांत मिस्त्री होते.

कारखान्यात नोकरी केलेल्या प्रत्येकाने असा एक माणूस पाहिलेला असतो, जो यंत्र बघत नाही, ऐकतो. आमचे मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणायचे, "तिसरा." तिसरा रोलर उघडला की आतलं बेअरिंग गेलेलं असायचं. कानामागे पेन्सिल, वरच्या खिशात दुमडलेली वही. यंत्राला कधी तेल घातलं, पट्टा कधी बदलला, सगळं त्या वहीत. कॅन्टीनमध्ये कोणी नुसतं म्हटलं, की यंदा उकाडा फार आहे, तरी मिस्त्री घास थांबवून विचारायचे, "नोंद हाय का?" नोंद नसेल तर ती गोष्ट झालीच नाही, असा त्यांचा रोखठोक हिशेब. माणूस घिवलीचा, समुद्रावरचा. पण बापाने होडी विकल्यावर कारखान्यात आला आणि तिथेच मुरला.

स्टेंटर सुरू झालं तसं ते थरथरायला लागलं. इंजिनिअर दोन दिवस लॅपटॉप लावून बसला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि पाव तासात नेमका रोलर दाखवला. इंजिनिअरने त्यांना मिठी मारली. मिस्त्री अवघडून गेले, कारण हाताला ग्रीस होतं आणि पाहुण्याचा शर्ट पांढरा होता. जाताना त्याने आपल्या बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्याच्या गावाकडच्या प्रांताचं पुस्तक. पानागणिक एक चित्र आणि खाली मजकूर. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, पण एवढं कळलं, की त्या प्रांतात जे जे काही विचित्र, नवलाचं, सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं, त्याच्या या नोंदी. सगळं खरं, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

नोंदींचं पुस्तक. मिस्त्रींच्या तोंडावर असा आनंद मी फक्त त्यांच्या मुलाच्या लग्नात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा आणि पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मधोमध सरकवली, हात धुतले, पुसले, पुस्तक उघडलं. म्हणाले, "पंडित, वाचा."

खरं सांगायची ती वेळ होती. मी वाचायला घेतलं.

पहिल्या चित्रात भर रस्त्यात टेबलं मांडून त्यांवर एकच पाव ठेवलेला होता, इकडून तिकडपर्यंत. मी ओळींवरून बोट फिरवत म्हटलं, सगळ्यात लांब पाव. ते बहुधा बरोबरच असावं. मिस्त्रींनी विचारलं, किती लांब? मी म्हटलं, आपल्या गेटपासून नवापूर नाक्यापर्यंत. त्यांनी संशयाने पाहिलं, की इटलीच्या पुस्तकात नवापूर नाका कसा आला. मी म्हटलं, तुम्हाला अंदाज यावा म्हणून बदलून सांगतोय. त्यांना ते पटलं. उलट, समजावून सांगायची माझी पद्धत चांगली आहे असं त्यांनी चार जणांना सांगितलं.

मग काय विचारता. टोपी घातलेल्या बकरीचं चित्र आलं, मी तिला सरपंच केली. स्टेंटर चालवणारा बिहारचा ऑपरेटर शेजारी बसून ऐकत असे. तो म्हणाला, "इसमें नया क्या है, हमारे यहाँ भी है." घंटेचं चित्र आलं तेव्हा मी सांगितलं, ही घंटा चुकीच्या वेळी वाजली म्हणून गावाने तिला चाळीस वर्षं गावाबाहेर काढली. मिस्त्री विचारात पडले. घंटेची काय चूक, म्हणाले, वाजवणाऱ्याला घालवायला पाहिजे होता. दोन दिवस त्यांना त्या घंटेचं वाईट वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या पानावर तिला गावात परत आणली.

रोज एक पान. ऑपरेटर लोक लांबूनच ओरडायचे, "पंडितजी, आज इटली में क्या हुआ?" मी रात्री घरी, मासवणला, उद्याचं पान काय असेल याचा विचार करत झोपायचो. बायको म्हणायची, एवढा विचार ट्रकांचा केला असता तर बढती झाली असती.

मिस्त्रींनी याच्यापुढे जाऊन एक नवी वही केली. घिवलीच्या नोंदी. त्या प्रांतात एवढं आहे, तर आपल्या गावात का नसेल? सुट्टीच्या दिवशी ते गावात फिरून चौकश्या करायचे. दोन शेंड्यांचं ताडाचं झाड. देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलेलं उधाण. सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला पायी जाणारी म्हातारी, जिने आयुष्यात एकदाही वाहनाला हात दाखवला नाही. प्रत्येक नोंदीखाली दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे. एकाने आपला आजोबा पोहत पार डहाणूला गेल्याचं सांगितलं. साक्षीदार नाही म्हणून मिस्त्रींनी त्या आजोबाला वहीबाहेरच ठेवलं, आणि ते घर त्यांच्याशी वर्षभर बोललं नाही. माझीही एक नोंद होती त्यात, घिवलीचा नसताना. एका दिवसात सगळ्यात जास्त ट्रक चुकीच्या गावी पाठवणारा माणूस. संख्या तीन. खाली दोन ड्रायव्हरांच्या सह्या.

ते खऱ्याच्या मागे इतकं लागत होते आणि मी समोर बसून त्यांना खोटं वाचून दाखवत होतो. हे तेव्हा मला नुसतं गमतीचं वाटायचं.

कल्पेश त्यांचा एकुलता मुलगा. त्याला कारखाना आवडला नाही. बापाने सोडलेला समुद्र त्याने धरला. लग्नाला दीड वर्ष झालं असेल नसेल, तो गुजरातच्या एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. वादळात बोट उलटली. आठ जण होते. पाच जणांना दुसऱ्या बोटीने उचललं. दोघांचे देह मिळाले. कल्पेशचं काहीच मिळालं नाही.

मिस्त्री तिकडे गेले. बंदरात, इस्पितळात, किनाऱ्यावरच्या गावागावात विचारत फिरले आणि तीन आठवड्यांनी परत आले. दुसऱ्याच दिवशी कामावर. ते स्टेंटरपाशी गेले, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. यंत्र तर बंद होतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. पुस्तक उघडलं.

"वाचा."

समोर आलं ते पान एकशे बारा. घरापुढच्या बाकावर बसलेला टोपीवाला म्हातारा. मांडीवर काहीतरी मोठं, सपाट, काळपट, त्यावर त्याचा हात. मागे दारात एक बाई हसत उभी. मी नेहमीसारखं ओळीवर बोट ठेवलं, पण या वेळी गंमत करायची नव्हती. मला मनापासून वाटत होतं, की या माणसाला काहीतरी द्यावं. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं?

मी म्हटलं, हा माणूस वादळात बोटीसकट नाहीसा झाला होता. सगळ्यांनी तो गेला असं धरलं. देवळातल्या मोठ्या वहीत तो मेल्याची नोंदही झाली. आणि नऊ वर्षांनी एका सकाळी तो चालत घरी आला. त्याच्या मांडीवर आहे ती तीच वही. मागे हसतेय ती त्याची बायको.

मिस्त्रींनी पुस्तक आपल्याकडे फिरवून ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे फिरवलं.

"नऊ?"

"नऊ."

"परत वाचा."

मी परत वाचलं, घाम पुसत, एकही शब्द इकडेतिकडे होणार नाही अशा बेताने. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, वहीत पानाचा आकडा लिहिला, पुढे लिहिलं, नऊ वर्षांनी परत आला. त्यानंतर डबा उघडला आणि सबंध भाकरी खाल्ली. मी त्या दिवशी घरी जाताना, आपण आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं, अशा समाधानात होतो.

समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही, तर काही दिवस वाट बघून दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग दहावं, बारावं, सगळं रीतीप्रमाणे. तोवर त्या माणसाला गेलेला म्हणत नाहीत, आणि त्याच्या बायकोला काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नसतं. वर्ष उलटल्यावर गावातली वडीलधारी मंडळी मिस्त्रींकडे आली. मिस्त्रींनी त्यांना ओटीवर बसवलं, चहा दिला आणि वही काढून पान एकशे बाराची नोंद वाचून दाखवली. मंडळी चहा पिऊन गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. पुन्हा तीच नोंद.

दारात कल्पेशची मोटरसायकल होती. दर रविवारी सकाळी मिस्त्री ती पुसायचे, किक मारून सुरू करायचे आणि दहा मिनिटं घड्याळ लावून चालू ठेवायचे. बॅटरी उतरता कामा नये. पोरगा आला की त्याला लगेच लागणार.

आमचं वाचन चालूच होतं. बाकीच्या पानांत त्यांना आता रस उरला नव्हता. आठवड्यातून एकदा तरी एकशे बारा काढायला लावायचे. मी वाचायचो. पाठच झालं होतं.

चौथ्या वर्षी एके दिवशी दुपारी डिस्पॅचच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर औषधांच्या कंपनीतला निळा कोट, डोक्याला जाळीची टोपी तशीच. ती रेश्मा, मिस्त्रींची सून. बोईसरलाच पॅकिंगला जायची. जेवणाच्या सुट्टीत चालत आली होती, आणि परत वेळेत पोचायचं होतं, म्हणून तिने उगाच प्रस्तावना केली नाही.

तिचं माहेर पाम. माहेरी एक स्थळ आलं होतं. शाळेत शिपाई, बायको वारलेली, सगळं ठाऊक असून तयार. तिलाही तो माणूस बरा वाटला होता. घिवलीच्या घराने तिला कधी अडवलं नव्हतं, सासू तर स्वतःच म्हणायची जा म्हणून. मी विचारलं, मग अडलंय कुठे?

"मी अशीच उठून गेले, तर बाबांना वाटल हिनंच आमच्या पोराला मारला. त्यांनी त्याचं सगळं केलं पायजे. मंग मी जाईन." मग म्हणाली, "बाबा म्हणतात, अजून पाच वर्सं ऱ्हायलीत. तुमच्या बुकात नऊ लिवलीत. नऊच हायत का वो? नीट बघा जरा. कुठं कमी लिवलं असल."

तिला माझा संशयसुद्धा आला नव्हता. ती फक्त नीट बघा म्हणत होती.

माझी लायकी तुम्हाला कळावी म्हणून सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पुढच्या पानावर आणखी एक माणूस काढावा, चार वर्षांनीही परत न आलेला, म्हणून घरच्यांनी ज्याचं सगळं उरकलं असा. एक वाक्य बोललो असतो की काम झालं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण ती टोपी नीट करत माझ्याकडे बघत उभी होती, आणि माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, रविवारी येतो घिवलीला.

रविवारी टमटमने गेलो. मी भाताच्या गावचा माणूस, समुद्राच्या वासाने मला आधीच गरगरतं, त्यात ते सांगायचं होतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगलेले. लांब वीजकेंद्राची चिमणी. दारात मोटरसायकल चालू, आणि मिस्त्री शेजारी स्टुलावर, हातात घड्याळ. काकी, म्हणजे त्यांची बायको, वाळत घातलेल्या जवळ्याचा पसारा हाताने सारखा करत होती.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला इटालियन येत नाही. एक अक्षर येत नाही. पाव, बकरी, घंटा, सगळं मनाचं. नऊ वर्षांचा म्हातारासुद्धा.

काकीचा हात जवळ्यावर थांबला. यंत्राचा आवाज ऐकावा तसं मिस्त्रींनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमाला वाचता येत नाय."

"नाही."

"एक अक्षर येत नाय."

"नाही हो."

"मंग त्यात तसं लिवलं नाय, हे तुमाला काय ठावं?"

एवढी मान खाली घालून कबुली द्यायला आलेलो, आणि माझी कबुलीच अडाणीपणाच्या मुद्द्यावर बाद झाली. मी बोट ठेवलं होतं तिथे खरंच तसं लिहिलेलं नसेल, हे मी कशावरून सांगणार होतो? मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तर मला धीर दिल्यासारखा भाव होता.

मी खिशातला फोन काढला. फोटो काढला की हा मराठीत करून दाखवतो, म्हटलं. ही सोय फोनमध्ये बरीच वर्षं होती. मी ती वापरली नव्हती, कारण मला खरं काय लिहिलंय ते नकोच होतं. मिस्त्री आत गेले, पुस्तक आणि चष्मा घेऊन आले. घराशी रेंज नव्हती. आम्ही बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो, ते पुढे, पुस्तक काखेत, मी मागे. पाठीमागे मोटरसायकल चालूच होती.

बंधाऱ्याच्या दगडावर पान एकशे बारा उघडून ठेवलं. वाऱ्याने उलटू नये म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी हात दाबून धरले. मी फोटो काढला. पडद्यावरची अक्षरं हलली आणि मराठी झाली. मी वाचायला तोंड उघडलं.

"तुमी नका वाचू. मला दावा."

फोन डोळ्यांजवळ धरून ते एकेक अक्षर लावत वाचू लागले. मोडकंतोडकं मराठी होतं, पण कळत होतं. मक्याच्या पिठाची उकड. एका बैठकीत सर्वाधिक खाण्याचा प्रांतातील विक्रम. चित्रात, विजेता आपल्या घरी, ज्या लाकडी फळीवर उकड ओतली गेली त्या फळीसह.

दोनदा वाचलं. मग चित्रातल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या त्या काळपट वस्तूवर बोट ठेवून पाहत राहिले. वही नव्हती ती.

"म्हंजे हा कुठं गेलाच नव्हता."

"नाही."

"घरीच होता."

"हो, मिस्त्री."

"जेवत होता."

भरती लागत होती, पाणी दगडांत शिरून मागे जात होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, पुस्तक मिटलं. मी पुढची पानं काढून दाखवतो म्हणत होतो, आता सगळंच खरं होऊन जाऊ दे, अशा काही तरी वेडात. ते म्हणाले, "बाकीचं नका बघू. बकरी सरपंच ऱ्हाऊ दे."

घरी परत आलो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. वाकून मोटरसायकलची किल्ली फिरवली. आवाज बंद झाल्यावर काकीने मान वर केली. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ती उठली आणि आत गेली.

पुतळा मिस्त्रींनी स्वतः केला. भटजी म्हणाले, हातभर पुरे, तेवढाच करतात. मिस्त्रींनी टेप काढली. पाच फूट सात इंच. कल्पेशच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दाराच्या चौकटीला उभा करून त्याची उंची घेतलेली होती, ती वहीत होती. तेवढ्या लांबीचा दर्भ नसतो, म्हणून जुड्या एकात एक गुंतवून बांधल्या, खांदे केले, गुडघे केले. कारखान्यात पट्ट्याचा सांधा जसा दोन्ही हातांनी ओढून बघायचे, तसा प्रत्येक सांधा ओढून बघितला. मी सुतळी धरायला होतो. दोनदा माझ्या हातून सुटली. त्यांनी ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर अग्नी दिला. दर्भ तो, किती वेळ जळणार? रेश्मा लांब बायकांत उभी होती. परतताना मिस्त्री तिच्याजवळ थांबले, डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेले.

तीन महिन्यांनी पामला तिचं लग्न झालं, देवळात, मोजक्या माणसांत. मिस्त्री आदल्या दिवशीच तिकडे जाऊन राहिले होते. मंडपाचे बांबू घट्ट आहेत का ते हलवून बघत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी त्या शिपायाला बाजूला घेतलं आणि मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात दिली. बॅटरी चांगली आहे, म्हणाले, पण आठवड्यातून एकदा तरी फिरवा. तो बिचारा नको नको म्हणत होता. रेश्माने मान हलवली, तेव्हा घेतली.

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. माझे अंदाज तुम्हाला आता माहीत झाले आहेत.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री येऊन बसायचे, पण पुस्तकाशिवाय. डबा उघडून थोडं चिवडायचे आणि उरलेलं मागच्या कुत्र्याला. ऑपरेटरने एकदा सवयीने विचारलं, "पंडितजी, आज इटली में क्या हुआ?" आणि आमच्या दोघांकडे बघून डबा उचलून पलीकडे जाऊन बसला. घिवलीच्या नोंदींत त्यानंतर काही भर पडली नाही. त्या वर्षीचं उधाण चौथ्या पायरीला लागलं. सगळ्या गावाने पाहिलं. कोणीतरी मुद्दाम घरी येऊन सांगितलं, साक्षीलाही दोघं तयार होते. मिस्त्री, बरं, म्हणाले आणि कूस बदलली.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. नवा मुलगा आला, त्याच्याकडे थरथर मोजायचं यंत्र आहे. ते आकडे दाखवतं. मी मधूनमधून घिवलीला जाईन म्हणत राहिलो आणि दोनदाच गेलो. दोन्ही वेळा ते ओटीवर पडून होते. बोलणं माझ्या ट्रकांचं. यंदाच्या थंडीत ते गेले. आजार म्हणावा असा काही नव्हता. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी कारण लिहिलं, ते काही मला पटलं नाही.

बाराव्याला गेलो. टमटममध्ये सबंध वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. काकीची माफी मागायची होती. खोटं सांगितलं त्याची, आणि मग आणखी काहीतरी होतं त्याचीही, ज्याला काय म्हणावं ते सापडत नव्हतं. ओटीवर त्यांची जागा रिकामी होती, कोणी तिथे बसत नव्हतं. मीही उभाच राहिलो. रेश्मा पामहून आली होती, कडेवर सहा महिन्यांचं मूल. तिने मूल काकीच्या मांडीवर ठेवलं, चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसांचं बघायला आत गेली.

मी कप तसाच धरून सुरुवात केली, काकी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे.

काकी त्या परक्या घरच्या नातवाला थोपटत होती. तिने माझ्याकडे वर पाहिलं. रडून झालेले, कोरडे डोळे.

"तुमी खोटं सांगत होतात तवा माणूस दोन भाकऱ्या खायचा. खरं सांगितलंत तवापासून अर्धी. आता अजून काय सांगू नका. च्या प्या नि गप बसा."